शुगर १७२, तरीही कीटोॲसिडोसिस

"शुगर तर १७२च आहे डॉक्टर, म्हणजे हे शुगरचं नसणार," मुलगा सांगत होता. आई पन्नाशीच्या, जुना मधुमेह. रात्रीपासून उलट्या, पोटात कळा. सकाळी जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन झालेलं. मला खटकला तो श्वास. मिनिटाला ३०, खोल, ओढून घेतलेला, आणि छाती मात्र स्वच्छ. रक्तात आम्ल साठलं की शरीर असा श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असतं.

मधुमेहाच्या गोळ्या विचारल्या: मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम. मग जेवण विचारलं. सोमवार-मंगळवार भात, पोळी, भाकरी बंद. अंडी, पनीर, पालेभाजी, ताक. बाकी पाच दिवस नेहमीचं. या बेताने वजन आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही छान उतरले होते. या आठवड्यात मात्र मंगळवारला लागून एकादशी आली आणि ती त्यांनी निर्जळी केली. डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी रोज चालूच.

लघवीत कीटोन (चरबी वितळताना यकृतात बनणारे आम्लधर्मी पदार्थ) आहेत का ते दाखवणारी पट्टी गडद जांभळी झाली. धमनीच्या रक्तात पीएच ७.१२, आम्ल आवरणारं बायकार्बोनेट ८. म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लाकडे झुकलेलं, हाच कीटोॲसिडोसिस. (ही पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते, मुख्य कीटोन बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही. रंग फिका आला म्हणून निर्धास्त होऊ नये, जमल्यास रक्तातले कीटोन मोजावेत.)

डॅपाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे काढून टाकतं. रक्तातली साखर कमी दिसते, म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं आणि त्याच्या उलट काम करणारं संप्रेरक, ग्लुकागॉन, वाढतं. पिष्टमय पदार्थ बंद केले की इन्सुलिन आणखी उतरतं. मग चरबी भराभर वितळते आणि यकृत कीटोन बनवत सुटतं. एरवी दोन दिवस भाकरी सोडल्याने थोडे कीटोन झाले तरी उरलेलं इन्सुलिन त्यांना आवरतं. इथे तो लगाम सुटला, वर पाणीही नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, या गटाच्या औषधांबद्दल हा इशारा २०१५ मध्येच दिला होता.

पहिल्या तासात एक लिटर सलाईन. पोटॅशियमचा रिपोर्ट हातात आल्यावरच इन्सुलिन, कारण इन्सुलिन पोटॅशियम पेशींत ओढतं आणि आधीच कमी असेल तर हृदयाची लय बिघडते. ड्रिप किलोमागे तासाला ०.१ युनिट, आणि सोबत पहिल्यापासून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची सलाईन). शुगर १७२ असताना इन्सुलिन कशाला, हा प्रश्न वॉर्डात हमखास येतो. ते कीटोन थांबवायला असतं. शुगर १२० झाली म्हणून कुणी ड्रिप बंद केली की कीटोन पुन्हा चढतात. त्या वेळी डेक्स्ट्रोज वाढवायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकार्बोनेट १८ च्या वर गेलं, ॲनायन गॅप (रक्तात साठलेल्या आम्लाचा अंदाज देणारा आकडा) नेहमीसारखा झाला. त्वचेखालचं इन्सुलिन देऊन मग दोन तासांनी ड्रिप काढली आणि मऊ भात सुरू केला.

आहाराला मी दोष देणार नाही. मँचेस्टरच्या मिशेल हार्वी यांच्या गटाने २०१३ मध्ये वजन जास्त असलेल्या स्त्रियांत आठवड्यातून दोन दिवस, ४० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं आणि कमी उष्मांक, असा बेत तपासला. रोज थोडं कमी खाण्यापेक्षा इन्सुलिनची संवेदनशीलता अधिक सुधारली. ४० ग्रॅम म्हणजे ज्वारीची एक बऱ्यापैकी भाकरी. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं, त्यामुळे खिचडीचा उपवास या हिशेबात बसतच नाही. पहिल्या दोन दिवसांत उतरलेला किलोभर मुख्यतः ग्लायकोजेनसोबतचं (शरीरात साठवलेल्या साखरेसोबतचं) पाणी असतं, पोळी सुरू झाली की परत येतो. म्हणून वजन दर सोमवारी सकाळीच करावं, नेहमीच्या जेवणाच्या पाच दिवसांनंतर.

ग्लिमेपिराइड ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घेणाऱ्यांत धोका उलटा, शुगर एकदम खाली जाण्याचा. त्या दोन दिवसांपुरता तिचा डोस डॉक्टरांना कमी किंवा बंद करता येतो. डॅपाग्लिफ्लोझिनला ही युक्ती लागू पडत नाही. त्याचा असर गोळी थांबवल्यावरही काही दिवस रेंगाळतो, म्हणून तर ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ते बंद करतात. सोमवारची गोळी चुकवून सोमवार सुरक्षित होत नाही. आहार किंवा ही गोळी, दोहोंपैकी एकच.

त्यांनी आहार निवडला. डॅपाग्लिफ्लोझिन कायमचं बंद केलं, मेटफॉर्मिनसोबत मधुमेहाचं दुसरं औषध, सिटाग्लिप्टिन, दिलं, आणि महिन्याभराने सोमवार-मंगळवार पुन्हा सुरू झाले. एकादशीच्या आठवड्यात ते दोन दिवस गाळायचे आणि एकादशीला पाणी प्यायचंच, एवढं त्यांनी मान्य केलं.