पडवीतली पाच मिनिटं

मालवण, २६ जुलै

दुपारपासून नुसता कोसळतोय. सहाला लाईट गेली, पण आजची पाच मिनिटं चुकवली नाहीत. पडवीत घंगाळभर पाणी, पोफळीच्या विरीची होडी आणि आम्ही दोघं, मी आणि माझा लेक. "तू होडीत शिंपला ठेवलास. आता दुसरा ठेवतोयस," मी बोलत होते. तो म्हणाला, "होडी जड झाली गो." मी म्हटलं, "हो, होडी जड झाली." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तिसरा शिंपला माझ्या हातात दिला.

एप्रिलात ह्याच हाताने त्याला मारलं होतं. चार वर्षांचं पोर, पाठीवर बोटं उठली. पतसंस्थेतून दमून आले होते, हे बोटीवर, त्याने भाताचं ताट भिरकावलं. त्या रात्री तो झोपेतही हुंदके देत होता आणि मी शेजारी जागी. त्या दिवसांत कामावरून घरी यायचीच भीती वाटायची. हे कुणाला सांगणार? कोणी म्हणे लाडावलाय, कोणी म्हणे अजून दोन ठेवून दे.

शेवटी थेरपी घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या थेरपिस्ट मॅडमनी व्हिडिओवर पहिल्यांदा माझ्याकडूनच प्रश्नावली भरून घेतली. छत्तीस विधानं, त्यातली पहिली बारा फक्त माझ्याबद्दल. ती वाचतानाच रडू फुटलं. ह्या थेरपीचं नाव पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, म्हणजे पालक आणि मुलाने एकत्र घ्यायची. ती शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू केली, साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी. मूल खेळतं, आई खेळते आणि तज्ज्ञ आईच्या कानात बोलतात. मोबाईल पाटावर उभा, माझ्या कानात इयरफोन.

नियम ऐकायला सोपे. खेळ त्याचा. तो करतोय ते बोलायचं, त्याचे शब्द परत म्हणायचे, नेमकं कौतुक करायचं. पाच मिनिटांत प्रत्येकी दहा वेळा. प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून तीनच्या वर नकोत. पहिल्या दिवशी माझे प्रश्नच एकवीस भरले! हे काय, रंग कुठला, असं का केलंस. दिवसभर मी लेकराची उलटतपासणीच घेत होते. नुसतं "शाब्बास" पण चालत नाही. "किती हळूच ठेवलास शिंपला" असं म्हणायचं. तेवढं दिसायला नीट बघावं लागतं, आणि बघताना माझा श्वासही खाली बसतो. अशा थेरपीने पालकांचा ताण उतरतो, असं अभ्यासांतही दिसलंय. मला तो खांद्यांत कळतो.

तो अजून वस्तू फेकतो. कालच वाटी फेकली. पण मला भीती वाटली नाही, हात उठला नाही. आता पुढचा टप्पा आहे, एकच स्पष्ट सूचना शांतपणे द्यायची. "वाटी उचलशील का?" नाही, "वाटी माझ्या हातात दे."

मासेमारी बंदीमुळे हे घरी आहेत. काल त्यांना बसवलं. मिनिटभरात सहा प्रश्न! थांबवलं तर म्हणाले, "मग मी काय करू, गप रवू?" पोरगा उठून आजीकडे गेला. त्यांचा चेहरा एवढासा झाला. रात्री अंधारात हळूच विचारलं, "तो काय करता ता फक्त बोलायचा ना?"

३१ ला बंदी संपते. पाच संध्याकाळी उरल्यात. उद्या घंगाळाजवळ हे बसणार, मी आत भाकऱ्या करणार.