४०७ ची नोंदवही: नॉब आत, गाडी बंद

मागच्या नोंदीत केबिनच्या पत्र्याचं काम दाखवलं होतं आणि शेवटी मोठ्या तोंडाने म्हणालो होतो, आता फक्त सेल्फ मारायचा आणि निघायचं. ते वाक्य मागे घेतो. त्यानंतरचे तीन रविवार गाडी जागची हलली नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. गाडी टाटा ४०७, १९८९ ची. चार सिलिंडरचं ४९७ डिझेल इंजिन, मायको कंपनीचा इनलाइन पंप (डिझेल दाबाने चारही सिलिंडरच्या नोझलकडे पाठवतो तो). काकांनी या गाडीतून कित्येक वर्षं सांगलीच्या बाजारात हळद नेली. मग ती शेडमध्ये उभी राहिली आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडली. यंदा खंडेनवमीला तिची पूजा चालू इंजिनावर करायची, असं मी घरात जाहीर करून बसलो होतो. ज्येष्ठात बंद केलेली गाडी भाद्रपद संपताना पहिल्यांदा चालू करायला गेलो.

पहिला रविवार. चावी फिरवली तर सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हत फिरला. बॅटरी नवी, उभ्या उभ्या १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना सेल्फपाशी मात्र ८.९ च पोचत होते. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून पोराला सेल्फ मारायला सांगितलं, तर १.४ व्होल्ट. हा आकडा पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. म्हणजे अर्थिंगच्या वाटेत काहीतरी आडवं बसलं होतं. काय, ते तुम्ही ओळखलंच असेल. उन्हाळ्यात चेसिसला काळा रंग मारताना अर्थच्या पट्टीचा बोल्ट मीच काढला होता आणि रंग वाळल्यावर रंगावरच परत आवळला होता. पॉलिश पेपरने तेवढा रुपयाएवढा भाग चकचकीत केला, पट्टी बसवली, वरून ग्रीस लावलं. १.४ चे ०.२ झाले. सेल्फ असा फिरला की शेजारचा कुत्रा उठून गेला.

अर्ध्या तासात दोष सापडला, त्याने डोकं चढलं. पुढचं सगळं त्या चढलेल्या डोक्याने केलं.

कारण सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. आणि सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. धूर ही फार कामाची खूण आहे. डिझेलला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा दाबून पाचशे अंशांच्या वर तापवतो आणि त्या हवेत नोझलने उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. सेल्फ मारताना पांढरा धूर आला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन (हवेचा दाब), टायमिंग (डिझेल उडायचा नेमका क्षण), थंडी या गोष्टी बघायच्या. धूरच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचलेलंच नाही. इथवर माझं गणित बरोबर होतं. एका मित्राने हवेच्या पाइपला पेट्रोलचा बोळा धरायचा सल्ला दिला, तो ऐकला नाही.

दुसरा रविवार एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढण्यात गेला. टाकीत काठीने बघितलं, वीतभर डिझेल होतं (काटा अर्ध्यावर अडकलाय, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही). दोन्ही फिल्टर बदलले. हॅण्ड प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारून आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला, मग पंपावरचा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली. तरी इंजिन गप्प. मग नोझलकडे जाणाऱ्या चारही पाइपांचे नट अर्धा फेरा सैल केले आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. एकाही नटाखालून थेंब नाही. (हे करताना हात लांब ठेवा, कामाचा हातमोजा घातला असला तरी. नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतं. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि ती जखम वरून टाचणी टोचल्याएवढीच दिसते.)

पंपापर्यंत डिझेल येतं, पंपातून पुढे जात नाही. मग माझा निकाल ठरलेला: पंपाची रॅक (किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी दांडी) जाम झाली, प्लंजर (डिझेल दाबणारे दट्टे) चिकटले. चार महिने पावसाळी हवेत उभी गाडी, जुनं डिझेल, सगळं जुळत होतं. पंप उतरवून शहरातल्या पंपवाल्याकडे न्यायचा आणि कॅलिब्रेशन करून, म्हणजे डिझेलचं माप नीट लावून, आणायचा. खर्चाचा अंदाज विचारून आलो आणि तो बायकोला सांगितला नाही.

तिसऱ्या रविवारी पंप उतरवायला बसलो. फ्लँजवर (पंप जिथे इंजिनला जोडतो त्या कडेवर) छिन्नीने टायमिंगची खूण केली, चारही पाइप काढले, त्यांच्या तोंडांना प्लास्टिक बांधलं. मागच्या बाजूचा एक बोल्ट केबिनखाली असा दडलाय की तिथे पाना पाव फेराच फिरतो. त्याच्याशी झटताना काकांचा फोन आला, पूजेला कधी येऊ विचारायला. मी सगळी कहाणी सांगितली.

"बंद करायचा नॉब आत हाय का?"

"आहे काका. पहिल्याच दिवशी बघितला."

"नॉब न्हाई इचारलं. पंपाचा हात कुठं हाय?"

मी गाडीखाली आडवाच होतो. मान वळवून पंपाच्या मागच्या टोकाला गव्हर्नरवर (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागावर) बघितलं. तिथे एक बोटाएवढा हात, म्हणजे लिव्हर, असतो. ओढायच्या नॉबची केबल त्याला जोडलेली असते. नॉब ओढला की हा हात रॅकला शून्यावर नेतो, डिझेल थांबतं, इंजिन बंद. नॉब आत ढकलला की हात स्प्रिंगने परत यायला हवा. माझा हात बंदच्या जागी गंजून बसला होता. केबलचं बाहेरचं कवच क्लिपमधून निसटलेलं, त्यामुळे मी ज्येष्ठात ओढलेला नॉब आत ढकलल्यावर केबल मध्येच धनुष्यासारखी वाकली आणि ढकलणं तिथेच जिरलं. डॅशबोर्डवर नॉब आत. पंपावर गाडी बंद. मी तीन रविवार डॅशबोर्डला विचारत होतो.

अंगठ्याने हात दाबला. हलला नाही. गंजाचं तेल टाकून चहा प्यायला, मग पुन्हा दाबला. खट.

पाइप परत जोडले, नट सैलच ठेवून सेल्फ मारला. चारही जागी डिझेल फुसफुसलं, १-३-४-२ याच क्रमाने, हे बघायला मी पोराला सेल्फवर दोनदा जास्तच बसवलं. नट आवळले. तिसऱ्या सेल्फला पांढरा ढग, एक ठोका, दोन ठोके, आणि मग ती ४०७ ची ओळखीची खडखड. काकांचा फोन चालूच होता. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "रेस देऊ नगंस, ऑइल वर जाऊ दे."

आता मी स्वतः करून ठेवलेलं काम. फिल्टरवर डिझेल झिरपतंय, कारण घाईत तांब्याचा जुना वायसरच परत लावला. पंपाचे बोल्ट सैल केल्यामुळे खूण केसभर सरकली असावी, कारण थंड असताना ठोका जरा जड येतो. टायमिंग पुन्हा बसवावं लागेल. या नोंदीसोबत द्यायचा त्या खुणेचा फोटो धूसर आलाय, चांगला निघाला तर पुढच्या वेळी देईन.

केबल मी सध्या तारेने क्लिपला बांधली आहे. पूर्ण नवी केबल बाजारात मिळाली, पण एक वीत लांब आहे, आणि लांब केबल वळसा घालून बसवली तर तिथे ती पुन्हा वाकणार. आतली तार कापून टोकाला बॅरल नट (तार आवळून धरणारा गोल नट) लावायचा विचार आहे. कोणी ४०७ ला हे केलं असेल तर कळवा. हाताची स्प्रिंगही ढिली झालीय. जुनी काढून मोजली, सव्वादोन इंच आहे, नवी किती असते?

पूजा झाली. नारळ फोडताना इंजिन चालू होतं. बंद करायला नॉब ओढला, आणि मग खाली वाकून हात बघितला.