तुम्ही विचारलंत म्हणून: परवडणारा वकील कसा मिळाला?

माझा घटस्फोट आणि बाबांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचं काम, दोन्ही पाठोपाठ आलं. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, ताई, तुला परवडेल असा वकील सापडला कुठे? नाव सांगत नाही, माझ्या केसला जे बरे पडले ते तुमच्या केसला पडतीलच असं नाही. पण शोधले कसे ते सांगते.

पहिला वकील मी फक्त फी बघून केला होता. सुरुवातीला त्याने अगदी थोडे मागितले, मी लगेच वकीलपत्रावर सही केली, आणि मग प्रत्येक तारखेचे वेगळे, प्रत्येक अर्जाचे वेगळे, टायपिंग झेरॉक्सचे वेगळे, आणि तारखेला गेलं की हातात पुढची तारीख. वर्षभराने हिशोब मांडला तर ज्या वकीलबाईंना मी महाग म्हणून सोडलं होतं, त्यांनी सांगितलेल्या रकमेच्या पुढे मी कधीच गेले होते, आणि काम अर्धंही झालेलं नव्हतं. त्या रात्री खूप रडले.

त्यामुळे आता मी सगळ्यांना सांगते, फी किती हे नंतर विचारा, आधी विचारा की त्या फीत काय काय येतं. सगळ्या कामाची एकच रक्कम, का दर तारखेला, का तासाप्रमाणे? कोर्ट फी आत का बाहेर? समोरच्याने अपील केलं तर? मध्येच वकील बदलायची वेळ आली तर माझे कागद मला परत कसे मिळणार? आणि उत्तरं लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी. कोणी म्हणालं की आता काही देऊ नका, निकालानंतर मिळेल त्यातले टक्के द्या, तर सावध व्हा, घटस्फोटाच्या केसमध्ये अशी फी घ्यायला बऱ्याच देशांत नियमानेच बंदी आहे.

दुसरं म्हणजे सगळी केस सोपवायलाच पाहिजे असं काही नसतं. बाबांचं मृत्युपत्र होतं, आम्हा भावंडांत वाद नव्हता, मग उरलं काय तर कागद. मृत्यूचा दाखला, बँकेचे तपशील, घराचे कागद, कर्ज काही बाकी आहे का, वारसांची यादी, हे सगळं गोळा करायला वकील कशाला लागतो? ते मी आणि भावाने केलं, आणि अर्ज तयार करून दाखल करायचं तेवढंच काम वकीलबाईंना दिलं (हो, त्याच, ज्यांना महाग म्हणून सोडलं होतं). सगळेच वकील असं तुकड्याने काम घेत नाहीत, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

घटस्फोटात मात्र असं सगळं जमत नाही, विशेषतः मुलांच्या ताब्यावरून भांडण असेल तर. दोघं अजून शांतपणे बोलू शकत असाल तर मध्यस्थीने खर्च खूप वाचतो, कारण खर्च वाढतो तो भांडणाच्या प्रत्येक मुद्द्यामागे. पण मध्यस्थ हा तुमचा वकील नसतो, सही करायच्या आधी करारनामा आपल्या वकिलाला दाखवाच. एकच वकील दोघांचा करू नका. आणि घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल तर तडजोडीला बसण्याआधी स्वतःच्या सुरक्षेचं बघा.

मोफत कायदेशीर मदतीबद्दल लोक फार लवकर हार मानतात, आपल्याला थोडीच मिळणार म्हणून विचारतच नाहीत. बऱ्याच ठिकाणी ती उत्पन्न बघून देतात, तेव्हा आधी चौकशी करा, नंतर ठरवा. लॉ कॉलेजमध्येही सल्ला केंद्रं असतात, विद्यार्थी काम करतात पण वर अनुभवी माणूस असतो, साध्या कागदपत्रांना ती चांगली.

पहिल्या भेटीला जाताना एका पानावर तारखा लिहून न्या, लग्न कधी, वेगळे कधी झालात, मुलं किती वर्षांची, कोणाच्या नावावर काय. माझा पहिल्या वेळी निम्मा वेळ हे आठवण्यातच गेला होता.

आणि हातात समन्स आलेलं असेल तर स्वस्त वकील सापडेपर्यंत थांबू नका. त्यावरची तारीख बघा आणि त्याच्या आधी कोणाकडून तरी एकदाचा सल्ला घ्या, पुढचा वकील नंतर निवांत शोधता येतो.