सांगायचं कुणाला?

हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना मुलांचं लैंगिक शोषण ओळखायला आणि रोखायला शिकवणं, हे माझं काम. त्या दिवशी वर्गात रिसेप्शन, हाउसकीपिंग, सिक्युरिटी असे सगळे होते. मी नेहमीच्या खुणा सांगत होते. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबतचा माणूसच देतो, आपण कुठल्या शहरात आहोत हे मुलाला ठाऊक नसतं, सामान नाही, पैसे रोख, मागच्या दाराजवळची खोली हवी, दारावर सतत ‘डू नॉट डिस्टर्ब’.

हाउसकीपिंगच्या एक ताई म्हणाल्या, “मॅडम, हे आम्हाला दिसतंच. टॉवेल किती लागतात, कचऱ्याच्या डब्यात काय सापडतं, त्यावरून खोली कळते. पण सांगायचं कुणाला? गेस्टने उलट तक्रार केली तर नोकरी कुणाची जाणार?”

सगळ्यांच्या नजरा मॅनेजरकडे वळल्या. ते वर्गात बसून होते हे नशीब. एरवी साहेब लोक उद्घाटनाचे दोन शब्द बोलून पसार होतात.

मी स्लाइड्स बंद केल्या. ताईंना म्हटलं, समजा आत्ताच काहीतरी दिसलंय, यांना सांगा. त्यांनी सांगितलं. मॅनेजरांचा पहिला प्रश्न, “तुमची खात्री आहे का?” वर्गात हशा पिकला. गाडी अडते ती नेमकी इथे. खात्री करणं पोलिसांचं काम. आपण वेळ, खोली नंबर, गाडीचा नंबर आणि कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. त्या माणसाला जाब विचारायचा नाही. तो मुलाला घेऊन निघून जाईल किंवा राग मुलावर काढेल. खोली रिकामी झाली तरी झाडू फिरवायचा नाही, आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत काढून ठेवायचं.

रिसेप्शनवरच्या मुलाने विचारलं, “मुलगी सतरा वर्षांची असेल आणि स्वतःहून आले म्हणाली तर?” तरी कळवायचंच. मानवी तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या प्रोटोकॉलप्रमाणे १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे, आणि शोषणासाठी मुलाला आणलं किंवा ठेवून घेतलं तर जबरदस्ती झाली नसली तरी ती तस्करीच. सिक्युरिटीवाल्यांची शंका उलटी होती: बाप-लेकीवरच संशय घेतला तर? म्हणून एका खुणेवर भरवसा नको, चेहरेपट्टी किंवा रंग जुळत नाही यावर तर मुळीच नको. मुलांचं ओळखपत्र मागायचं तर सगळ्यांकडून मागायचं.

पर्यटन उद्योगासाठी ‘द कोड’ नावाची आचारसंहिता आहे. तिच्या सहा निकषांत प्रशिक्षण दुसरं येतं. पहिलं धोरण आणि कार्यपद्धती. इथे पहिलंच गायब होतं. ते जेवणाच्या सुट्टीआधी ठरलं: ड्यूटी मॅनेजरला कळवायचं, तो लगेच हलला नाही तर थेट पोलिसांना फोन करायचा, आणि शंका चुकीची निघाली तरी कळवणाऱ्यावर कारवाई नाही.

“लिहून द्या,” ताई म्हणाल्या. मॅनेजरांनी लिहिलं, सही केली आणि कागद ऑफिसच्या फळ्यावर लावायला निघाले. ताईंनी अडवलं. “तिथे आम्ही येतो कधी? लिननच्या खोलीत लावा.”