आमची वाटचाल : चौघांचा बँड, चौघांचं लेबल

आम्हाला फार लोक ओळखत नाहीत, आणि आमच्या कंपनीचं सगळं गणित हे धरूनच मांडलेलं आहे. अल्टरनेटिव्ह रॉक वाजवणारा चौघांचा बँड, त्याच चौघांच्या मालकीचं लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी), भाड्याची एक प्रॅक्टिस रूम आणि रेकॉर्डच्या खोक्यांनी भरलेलं कपाट, एवढाच पसारा. मी बेस वाजवतो आणि हिशेब ठेवतो. बँड इतकी वर्षं टिकला त्यात गाण्यांइतकाच हिशेबाच्या वहीचा हात आहे, असं माझं मत. आमचा गायक हे मान्य करत नाही.

लेबल काढलं ते काही तत्त्व म्हणून नव्हे. डेमो पाठवले, उत्तरं आली नाहीत. पहिल्या ईपीचं, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं, रेकॉर्डिंग हातात तयार होतं आणि ती काढायला कुणी नव्हतं. तेव्हा गिटारिस्टने डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सची गोष्ट काढली. १९८० साली वॉशिंग्टन डीसीतला टीन आयडल्स हा पोरांचा बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले थोडे पैसे त्यांच्याकडे होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून आपली रेकॉर्ड काढली, आणि त्यासाठी जे लेबल उभं राहिलं तेच डिस्कॉर्ड. कव्हरं त्यांनी स्वतः कापून, दुमडून, चिकटवली. त्याच बँडमधल्या इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांच्या त्या लेबलने पुढे काय काय केलं, त्यामागची भूमिका काय, हे आम्ही नंतर वाचलं. त्या दिवशी डोक्यात शिरलं ते इतकंच की रेकॉर्ड काढायला कुणाची परवानगी लागत नाही, छपाईचे पैसे लागतात.

पैसे चौघांनी सारखे घातले. कार्यक्रमाचं मानधन कुणी घरी न्यायचं नाही, ते बँडच्या खात्यात जाईल, हा नियम तेव्हापासूनचा.

स्टुडिओ तासावर मिळतो, त्यामुळे स्वस्तात रेकॉर्ड करायची खरी जागा स्टुडिओ नव्हे, प्रॅक्टिस रूम. निर्वाणा या अमेरिकन बँडचा ‘ब्लीच’ हा पहिला अल्बम ध्वनिमुद्रक जॅक एंडिनोने सिएटलमध्ये रेकॉर्ड केला, त्याचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. स्लिंट या बँडचा ‘स्पायडरलँड’ हा अल्बम ऑगस्ट १९९० मध्ये चार दिवसांत झाला. हे आकडे ऐकून लोक थक्क होतात. पण दोन्हीकडे वाजवण्याची तयारी आधीच झालेली होती. आम्हीही ड्रम, बेस आणि एक गिटार एकाच खोलीत एकदम वाजवून घेतो. ड्रमच्या माइकमध्ये गिटार थोडी झिरपते, पण चालतं. झिरपलं की नंतर एकट्या गिटारचा सूर सुधारता येत नाही, म्हणून सगळे आधीच नीट वाजवतात. शिस्त लावायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

‘स्पायडरलँड’ची पुढची हकिकत धंद्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. मार्च १९९१ मध्ये तो बाजारात आला त्याआधीच बँड मोडला होता. सुरुवातीला फारसा खपही झाला नाही. पण ऐकणारे एकमेकांना सांगत राहिले, आणि पोस्ट-रॉक नावाची जी संगीतशैली पुढे आली तिच्या मुळाशी आज तो गणला जातो. रेकॉर्ड बँडपेक्षा जास्त जगू शकते, मग तिची मालकी कुणाकडे आहे हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो.

तो विचारायची वेळ दुसऱ्या रेकॉर्डनंतर आली. एका बऱ्यापैकी मोठ्या लेबलकडून करार आला, ॲडव्हान्सचा आकडा आमच्या दृष्टीने डोळे दिपवणारा. पण ॲडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, उचल. रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा खर्च, दौऱ्याला दिलेली मदत, हे सगळं तुमच्या रॉयल्टीतून वळतं होईपर्यंत हातात काही पडत नाही. आणि वळतं झाल्यावरही मास्टर (मूळ ध्वनिमुद्रणं) त्यांचेच! संगीतकार आणि ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने १९९३ मध्ये ‘द बॅफ्लर’ या नियतकालिकात एका काल्पनिक बँडचा असा हिशेब ओळीओळीने मांडला होता. अडीच लाख प्रती खपतात, लेबलला सात लाख डॉलरच्या वर फायदा होतो आणि बँडमधल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात चार हजारांच्या आसपास. आम्ही तो तक्ता समोर ठेवला आणि त्यात आमचे आकडे भरले. आमचा खप त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, त्यामुळे उत्तर उणे आलं.

आम्ही उलट प्रस्ताव दिला : मास्टर आमच्याकडे, तुम्हाला ठरावीक वर्षांसाठी परवाना. तिकडून काही कळलं नाही. गायक बरेच दिवस घुश्शात होता.

त्याच सुमारास ओळखीच्या दोन बँडनी, आमचीही रेकॉर्ड काढा, असं सांगितलं. त्यांच्यासाठी आम्ही शिकागोच्या टच अँड गो या लेबलची जुनी रीत उचलली : खर्च वसूल झाला की नफा निम्मा-निम्मा. स्लिंटची ती रेकॉर्ड याच लेबलची. त्यांचे बरेचसे व्यवहार शब्दावर चालत. आम्ही मात्र एका पानाचा का होईना, कागद करतो. माणसं लबाड असतात म्हणून नव्हे, विसरतात म्हणून.

आमच्या आपापसातला कागद करायला जास्त त्रास झाला. गाणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. चाल आणि शब्द रचणाऱ्याचा हक्क एक, त्या दिवशी त्या खोलीत जे रेकॉर्ड झालं त्याचा हक्क दुसरा. ध्वनिमुद्रणात चार सारखे वाटे, यावर वाद नव्हता. पण शब्द जवळपास सगळे गायकाचे, मग गाण्यातही चार वाटे का? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी एका गाण्यावरून निकाल लागला. महिनोन्‌महिने ते कंटाळवाणं वाटत होतं. ड्रमरने एके दिवशी ठेका निम्म्यावर आणला आणि तेच शब्द, त्याच कॉर्ड असताना गाणं उभं राहिलं. हे कुणी ‘लिहिलं’? आर.ई.एम. या बँडने सुरुवातीपासून आपल्या गाण्यांवर बँडमधल्या सगळ्यांची नावं सारखी टाकली, आणि तो बँड ३१ वर्षं चालून २०११ मध्ये भांडणाशिवाय थांबला. आम्हीही तसंच केलं. यात गायकाचं नुकसान झालं हे मी लेखी मान्य करतो. त्याबदल्यात गाण्यांच्या शेवटच्या मसुद्यावर त्याचा शब्द अखेरचा असतो.

या कागदाची परीक्षा ड्रमरनेच घेतली. भांडण नव्हतं, त्याला रात्रीचे प्रवास झेपेनात. जाताना ठरलं ते असं : जुन्या गाण्यांतला त्याचा वाटा चालू राहील, बँडचं नाव कंपनीकडे राहील, आणि नवा ड्रमर ज्या रेकॉर्डवर वाजवेल तिथपासून त्याचा वाटा सुरू होईल. जुन्या ड्रमरला आजही ठरल्या वेळी पैसे जातात. रक्कम बघून तो हसतो, पण हिशेबाची प्रत न चुकता मागतो. मला ते आवडतं.

विनाइलकडे, म्हणजे सुईने वाजणाऱ्या तबकड्यांकडे, आम्ही वळलो ते हौसेने, आणि नंतर कळलं की हे माध्यम गाण्यांच्या क्रमातही लुडबुड करतं. बारा इंची रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. फेऱ्यांचा वेग तोच, पण केंद्राकडे जावं तसा प्रत्येक फेऱ्यातल्या खाचेचा घेर लहान होतो. तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीत कोंबला जातो, आणि झांजा आणि ‘स’ सारखे तीक्ष्ण आवाज फाटायला लागतात. म्हणून रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवायचं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर गेलात की खाचा एकमेकींच्या जास्त जवळ बसवाव्या लागतात आणि आवाज दबतो. खालचा बेस डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वेगवेगळा पसरवला तर सुई उडते, तो मधोमध लागतो. बेस मधोमध असणं हे मला व्यक्तिशः पटलेलं आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्स हा कारखाना जळाला. रेकॉर्डची मूळ खाच ज्या लॅकरच्या चकतीवर कोरतात ती बनवणारे कारखाने जगात दोनच होते, उरला तो जपानमधला. पाठोपाठ कोरोनाची साथ आली. घरी बसलेल्या लोकांनी रेकॉर्ड घ्यायला सुरुवात केली, मोठ्या लेबलांच्या ऑर्डरी छपाई कारखान्यांत रांगेत पुढे सरकल्या आणि आमच्यासारखे मागे. तेव्हापासून आम्ही आगाऊ नोंदणी घेतल्याशिवाय छपाईला देत नाही. नोंदणी पुरेशी झाली नाही तर कॅसेट काढतो. त्या थोड्या संख्येतही परवडतात. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे ती वाजवायला यंत्र नसतं, तरी घेतात. का, ते मी विचारत नाही.

स्ट्रीमिंगबद्दल थोडक्यात. तिथे आम्ही आहोत, कारण नसलो तर लोकांना वाटतं बँड बंद पडला. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला मोबदला नाही. आमची जुनी बरीच गाणी या रेषेखाली आहेत. बँडकॅम्प ही बँडना थेट विक्री करू देणारी वेबसाइट डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कापून घेते, पैसे पोहोचवण्याचं शुल्क वजा जाता बाकी आमच्याकडे येतं. २० मार्च २०२० ला त्यांनी एका दिवसासाठी आपला वाटा सोडला आणि पुढे असे शुक्रवार ठेवले. नवी वस्तू काढायची तर आम्ही असा शुक्रवार गाठतो.

कार्यक्रमांत कमाई मंचावर होत नाही, दाराशेजारच्या टेबलावर होते. इयन मकायच्याच फुगाझी या बँडने तिकीट बराच काळ पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि टी-शर्ट विकायला नकार दिला. आम्हाला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे आणि आम्ही टी-शर्ट विकतो. काळे. दुसरा रंग एकदा छापला होता, तो अजून कपाटात आहे. खर्च कमी राहावा म्हणून ड्रम किट शक्यतो तिथलंच वापरतो. नवा ड्रमर स्नेअर, झांजा आणि पेडल घेऊन येतो, बाकी आम्ही आपापलं उचलतो.

पुढच्या रेकॉर्डची गाणी रेकॉर्ड झाली आहेत, मिक्सिंग उरकत आलं आहे. दुसरी बाजू मात्र २६ मिनिटांची भरतेय. एक गाणं काढा, नाहीतर आवाज खाली आणावा लागेल, असं खाच कोरणाऱ्या इंजिनिअरने कळवलंय. गायकाला सगळ्यात लांब गाणं ठेवायचंय, गिटारिस्टला सगळ्यात मोठ्या आवाजाचं, आणि दोघांनाही ते शेवटीच हवंय. नोंदणी उघडण्याची तारीख त्यामुळे अजून देता येत नाही.