वन-वे तिकिटावर जाऊ देतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

'परतीचं तिकीट काढलेलं नाही, तिकडे उतरू देतील ना?' हा प्रश्न मला नेहमी चुकीच्या वेळी येतो. तिकीट काढून झालेलं असतं, बॅग भरलेली असते आणि विमान त्याच रात्रीचं असतं. म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो. 'माझा मित्र तसाच गेला, कोणी काही विचारलं नाही,' हे कृपा करून मला पुन्हा ऐकवू नका. नसेल विचारलं. बऱ्याच जणांना विचारत नाहीत, म्हणून तर बाकीचे बेसावध असतात.

तुम्ही घाबरता तिकडच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याला. अडवतो बहुतेक वेळा निघण्याच्या विमानतळावरचा चेक-इन काउंटर. प्रवाशाला देशात घेतलं नाही, तर त्याला परत नेण्याची जबाबदारी त्याला घेऊन आलेल्या विमान कंपनीवर येते. शिकागो करार, म्हणजे नागरी विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या नवव्या परिशिष्टातच तसं आहे. म्हणून काउंटरवरचा माणूस तुमचा हेतू तपासत बसत नाही. तो टिमॅटिक बघतो. टिमॅटिक म्हणजे 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची माहितीप्रणाली. नागरिकत्व, पासपोर्टचा प्रकार, कुठले रहिवासी, कुठे आणि किती दिवस, एवढं भरलं की कोणते कागद लागतात ते समोर येतं. तिथे 'परतीचं किंवा पुढचं (म्हणजे त्या देशातून दुसरीकडे जाण्याचं) तिकीट आवश्यक' असं दिसलं, की तुमचा मित्र कसा गेला याला काही किंमत उरत नाही.

पुढे काय होतं ते नीट बघा, कारण सगळी गडबड याच अर्ध्या तासात होते. ऑनलाइन चेक-इनला 'काउंटरवर कागदपत्रं दाखवा' असं आलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष झालेलं असतं. काउंटरवर विचारतात, "परतीचं तिकीट?" उत्तर येतं, "तिथून बसने पुढे जाणार आहे." "बसचं तिकीट?" "ते तिथे गेल्यावर काढीन." मग सुपरवायझरला फोन जातो आणि तुम्हाला रांगेतून बाजूला उभं करतात. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. उरलेल्या वेळात मोबाइलवर मिळेल ते स्वस्तातलं तिकीट काढायचं असतं, आणि इथेच एकेक चूक होते. तारीख परवानगीच्या दिवसांबाहेर जाते, कारण उतरल्याचा दिवसही बऱ्याच ठिकाणी पहिला दिवस म्हणून मोजतात. शेजारच्या देशाचं तिकीट घेतलं जातं, पण तिथला व्हिसा नसतो, मग त्या तिकिटाचा उपयोग शून्य. ओटीपी बंद करून ठेवलेल्या सिमवर जातो. पैसे कापले जातात, पीएनआर येतो, पण ई-तिकीट निघालेलं नसतं. काउंटरवर हवा असतो १३ आकडी तिकीट क्रमांक. नुसतं सहा अक्षरांचं बुकिंग म्हणजे फक्त धरून ठेवलेली जागा. विमान निघून गेलं तर भरपाईही विसरा. युरोपच्या प्रवासी भरपाईच्या नियमातसुद्धा, कागदपत्रं अपुरी म्हणून नाकारलेला प्रवासी धरलेला नाही.

'मग डमी तिकीट?' हा पुढचा ठरलेला प्रश्न. एक प्रकार म्हणजे सरळ बनावट पीडीएफ. ती दाखवणं ही फसवणूक आहे, आणि पीएनआर तपासला की उघडी पडते. दुसऱ्या प्रकारात खरं बुकिंग असतं, पण पैसे भरलेले नसल्याने मुदत संपली की आपोआप रद्द होतं. विमान लेट झालं किंवा मधल्या विमानतळावर पुन्हा कागद मागितले, की हातात काही नाही.

मी रिफंडेबल तिकीट काढायला सांगतो. तेही वाटतं तितकं सोपं नाही. परतावा मूळ कार्डावर मिळतो की कंपनीच्या क्रेडिटच्या रूपात, हे आधी वाचा. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानाचं तिकीट थेट कंपनीकडून काढलं, तर २४ तासांत फुकट रद्द करता येतं किंवा तेवढा वेळ धरून ठेवता येतं. पण प्रवासाला किमान सात दिवस असतील तरच. त्यातही कंपनीने यापैकी एकच सोय देणं बंधनकारक आहे.

आणि देशागणिक फरक आहेच. फिलिपिन्स व्हिसाशिवाय येणाऱ्याकडे पुढचं तिकीट मागतं. न्यूझीलंडमध्ये पाहुण्याला तिकीट किंवा ते काढण्याइतके पैसे, दोन्हींपैकी एक चालतं. अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत पुढचं तिकीट कॅनडा किंवा मेक्सिकोत संपत असेल आणि तुम्ही तिथले रहिवासी नसाल, तर ते धरत नाहीत. कामाचा, शिक्षणाचा किंवा रहिवासाचा व्हिसा असेल तर हा प्रश्न सहसा येतच नाही.

पूर्वी मी म्हणायचो की हा नियमच बिनकामाचा आहे. ज्याला लपून राहायचंय तो रिफंडेबल तिकीट काढून आरामात जातो, आणि सायकलवर सीमा ओलांडणारा प्रामाणिक माणूस अडकतो. त्यावर अजून मला उत्तर सापडलेलं नाही. पण काउंटरवर हा वाद घालून कोणाला बोर्डिंग पास मिळालेला मी पाहिलेला नाही, आणि तिथल्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता. मला भित्रा म्हणा हवं तर.

तेव्हा टिमॅटिकचा मजकूर आठवडाभर आधी बघा. विमान कंपन्यांच्या आणि आयाटाच्या संकेतस्थळांवर तो मिळतो. बसचं किंवा बोटीचं तिकीट चालेल का, हे त्या कंपनीकडून लेखी मागवा आणि तो ईमेल छापून जवळ ठेवा. रिफंडेबल तिकीट घेतलंत तर आत गेल्यावर ते विसरू नका. विमान सुटण्याआधी रद्द केलं नाही, तर ते नो-शो, म्हणजे न आलेला प्रवासी, धरतात आणि परताव्यातून कापून घेतात, कधी सगळंच.