बांध कोरला

अप्पांच्या मनगटावर बोटं ठेवायची खोड आमच्या घरात आता सगळ्यांनाच लागलीय. चहाचा कप देता देता बायको नाडी बघते, धाकटं पोरगं तर मोठ्यानं मोजतं. अप्पा वैतागतात, "मी काय भिंतीवरचं घड्याळ हाय का रे?"

गेल्या माघात संभाजीनगरला त्यांच्या हृदयातली महाधमनीची झडप बदलली. छाती न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून. चुना साचून कडक झालेली जुनी झडप काढत नाहीत, तिच्यातच नवी फुलवतात. दुसऱ्या दिवशी अप्पा उठून बसले आणि परभणीला फोन लावून सोयाबीनचा भाव विचारायला लागले. आम्ही निर्धास्त. संध्याकाळी मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा बघता बघता ३६ वर आला.

डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागं चित्र काढलं. वरच्या कप्प्यातून खाली ठोक्याचा निरोप नेणारा एक धागा असतो, हिस बंडल. तो नेमका या झडपेच्या बुडाशी, दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून जातो. नवी झडप फुलली आणि त्याच्यावर दाब आला.

अप्पांना ऐकू आलं 'हिस्सा'. "कुणाचा हिस्सा?"

हिस हे आडनाव. १८९३ साली त्या डॉक्टरनं हा धागा दाखवला. पण अप्पांचं गणित तोवर लागलं होतं. "म्हंजी नव्या गड्यानं बांध कोरला म्हणा की!" डॉक्टर आमच्याकडचेच असावेत, आमच्याआधी तेच हसले. चुलत्याशी बांधावरून तीस वर्षं भांडलेल्या माणसाला आणखी काय समजावायचं?

सूज उतरली की धागा कधी कधी पुन्हा चालू होतो, म्हणून गळ्यातल्या शिरेतून तात्पुरती तार घालून वाट पाहिली. शेजारच्या खाटेवर नांदेडचे एक मामा. त्यांची छाती उघडून झडप बदललेली, तर तिसऱ्या दिवशी ठोके नुसते सैरभैर. तसं बऱ्याच जणांना होतं म्हणे. त्यांचं गोळ्यांवर भागलं. आमचा धागा काही जागा झाला नाही. शेवटी डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसला. ठोका वेळेत आला तर तो गप्प, नाही आला तर आपला देतो.

मोबाइल त्याच्यापासून वीतभर लांब ठेवायला सांगितलंय. म्हणून नव्या सदऱ्याला अप्पांनी उजवीकडं खिसा सांगितला. शिंपी चक्रावला, "अप्पा, उजवीकडं? काहून?"

"डाव्या अंगाची जागा वादात हाय."